ठगाच्या कबुलीपासून उचल्याच्या आत्मकथेपर्यंत

शाळेतील इंग्रजीच्या अभ्यासासाठी पूर्वग्रह या विषयावरील एखादी कादंबरी निवडून तिच्यावर निबंध लिहावा, असे काम विद्यार्थ्यांना आता सर्रास दिले जाते. अशा वेळी जी नावे पुढे येतात ती ठरलेली असतात. अमेरिकेतील हार्पर ली यांची 'टु किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) येते. आपल्याकडील मुल्कराज आनंद यांची 'अनटचेबल' (१९३५) आणि फॉर्स्टर यांची 'अ पॅसेज टु इंडिया' (१९२४) याही बहुधा येतात. या ग्रंथांच्या योग्यतेविषयी वाद घालण्याचे कारण नाही. परंतु हेच काम जबलपूरसारख्या नगरातील विद्यार्थ्यापुढे ठेवले, तर त्याला पूर्वग्रहाचा शोध घेण्यासाठी अलाबामापर्यंत जाण्याची खरोखर आवश्यकता आहे काय, असा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. कारण अर्वाचीन हिंदुस्थानातील एक अत्यंत टिकाऊ पूर्वग्रह याच नगराच्या कचेऱ्यांत कागदावर उतरला, येथूनच तो कायद्यात गेला आणि एका गाजलेल्या इंग्रजी कादंबरीच्या पाठीवर बसून साऱ्या जगात फिरला. या इतिहासाचे दुसरे टोक मराठी कादंबरीत आहे. ही दोन टोके एकत्र आणून पाहावीत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम स्थळाचा विचार करू. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य घेतले, १७९८ मध्ये हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि डिसेंबर १८१७ मधील लढाईनंतर जबलपूर इंग्रजांच्या हाती गेले. सागर आणि नर्मदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या मुलखात जे लष्करी अधिकारी मुलकी कामावर नेमले गेले, त्यांत विल्यम स्लीमन हा एक होता. प्रथम नरसिंहपूर आणि पुढे जबलपूर ही त्याची कर्मभूमी. राज्ये मोडली होती, फौजा विसर्जित झाल्या होत्या, हातात शस्त्र असलेली पण पोटाला आधार नसलेली माणसे वाटांवर आली होती. प्रवाशांशी गोड बोलून सलगी करावयाची आणि निर्जन स्थळी गळा आवळून त्यांना लुटावयाचे, असे करणाऱ्या टोळ्या या वाटांवर होत्या, याविषयी इतिहासकारांत आता फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो त्यापुढच्या गोष्टीविषयी. हे लुटारू म्हणजे देवीच्या आज्ञेने खून करणारा, स्वतःची गुप्त भाषा असलेला, बापाकडून मुलाकडे धंदा देणारा असा एक देशव्यापी पंथच होय, ही जी कल्पना रूढ झाली, ती कितपत खरी?

ही कल्पना मुख्यतः स्लीमनने गोळा केलेल्या जबान्यांवर उभी आहे. पकडलेल्या ठगांपैकी जे साथीदारांची नावे सांगण्यास कबूल होत, त्यांना माफीचे साक्षीदार करण्यात येई. फाशी टळे, पण सुटका मात्र नसे. ज्याचा जीव त्याच्या बोलण्यावर अवलंबून आहे, अशा माणसाने ऐकणाऱ्याला हवे ते सांगितले असेल, ही शंका त्या काळी फारशी कोणाला शिवली नाही. स्लीमनने या जबान्यांवरून ठगांचे वंशवृक्ष तयार केले आणि १८३६ मध्ये कलकत्त्याहून 'रामासियाना' हा ग्रंथ प्रसिद्ध करून त्यांत ठगांच्या बोलीचा कोशही दिला. त्याच दशकात, फाशी दिलेल्या काही ठगांच्या कवट्या एडिंबरोला पाठविण्यात आल्या. डोक्याच्या आकारावरून स्वभाव ओळखता येतो असे मानणारे पंडित तेथे होते. वंशवृक्ष, कोश आणि कवटी ही तिन्ही साधने एकाच गोष्टीच्या शोधात होती. गुन्हा हा माणसाने केलेल्या कृत्यात नसून त्याच्या कुळात, जिभेत आणि हाडांत असतो, असे त्यांना सिद्ध करावयाचे होते.

विचार येथवरच थांबला असता, तर तो एका अधिकाऱ्याचा छंद म्हणून विसरला गेला असता. पण १८३६ चा तिसावा कायदा झाला. ठगांच्या टोळीशी आपला केव्हाही संबंध होता एवढे सिद्ध झाले, की त्या माणसाला जन्मठेप व्हावी, अशी त्यात तरतूद होती. अमुक दिवशी अमुक माणसाला मारले, हे दाखविण्याची जरूर उरली नाही. आणि ठग म्हणजे कोण, याची व्याख्याही कायद्याने केली नाही. आपण पूर्वग्रह हा शब्द मनाच्या एका दोषासाठी वापरतो. शब्दाचा मूळ अर्थ पाहिला तर पुराव्याच्या पूर्वीच केलेला ग्रह म्हणजे पूर्वग्रह. तो अर्थ येथे शब्दशः खरा ठरला: निवाडा आधी झाला होता, माणूस तेवढा नंतर मिळवावयाचा होता.

याच सुमारास जबलपुरास माफीचे साक्षीदार आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी एक उद्योगशाळा उघडण्यात आली. तेथे तंबू आणि सतरंज्या-गालिचे विणले जात, आणि ठगांची मुले तेथे कसब शिकत. या शाळेचे वर्णन करताना तत्कालीन लेखकांचा सूर मोठा कृतार्थतेचा असतो, आणि त्यात काही तथ्यही आहे. फाशीपेक्षा माग बरा, हे कोण नाकारील? तथापि या शाळेत एक कोडे दडलेले आहे. ठगपणा रक्तातच असेल, तर मुलाला सतरंजी विणावयास शिकवून काय होणार? आणि शिकविल्याने तो विणकर होत असेल, तर रक्ताचा सिद्धांत उरतो कोठे? राज्यकर्त्यांनी हे कोडे सोडविले नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानून त्यांनी मुलांना शिक्षणही दिले आणि कुंपणही दिले. पुढील शंभर वर्षे हेच चालले.

आता कादंबरीकडे वळू. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीत असलेला इंग्रज अधिकारी. त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही तीन खंडांची कादंबरी १८३९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तुरुंगातील अमीर अली हा ठग एका साहेबाला आपली जीवनकथा सांगत आहे, अशी तिची रचना आहे. कादंबरी अतिशय लोकप्रिय झाली आणि ठग हा शब्द इंग्रजी वाचकाच्या तोंडी रुळण्यास तिने मोठा हातभार लावला. आपल्या भाषेत ठक म्हणजे फसविणारा. ठकविणे या क्रियापदाला रक्ताचा वास नाही. इंग्रजीत गेल्यावर मात्र त्या शब्दाचा अर्थ गळा दाबणारा हिंदी मारेकरी असा झाला, आणि पुढे इंग्लंड-अमेरिकेतील कोणत्याही गुंडाला तो लावला जाऊ लागला. ज्या अमेरिकेतील वर्णद्वेषाची कादंबरी आज आपले विद्यार्थी वाचतात, त्याच अमेरिकेत हा शब्द कृष्णवर्णीय तरुणांना उद्देशून तुच्छतेने वापरला जातो, ही गोष्ट त्या विद्यार्थ्यांना सहसा कोणी सांगत नाही.

परंतु टेलरची कादंबरी बारकाईने वाचली, तर एक विलक्षण गोष्ट दृष्टीस पडते. अमीर अली हा जन्माने ठग नाहीच. ज्या प्रवासी दांपत्याला ठगांनी मारले, त्यांचा तो लहान मुलगा; मारणाऱ्यांपैकीच इस्माईल नावाच्या ठगाने त्याला मुलगा म्हणून वाढविले. मोठेपणी तो कुशल ठग होतो आणि नकळत आपल्याच बहिणीच्या मृत्यूस कारण होतो. म्हणजे कादंबरीच्या कथानकाचा सारा भार ज्या खुंटीवर टांगलेला आहे, ती खुंटी आनुवंशिकतेच्या सिद्धांताच्या नेमकी विरुद्ध आहे. संगोपनाने ठग घडतो, रक्ताने नव्हे, हे टेलरच्या कथेने दाखवून दिले. टेलरचा तसा हेतू होता असे मी म्हणत नाही. अद्भुतरम्य कथेला हरवलेल्या मुलाचे सूत्र सोयीचे असते, हे त्याचे साधे कारण असू शकेल. पण वाचकांनी ती कथा वाचली ती मात्र स्लीमनच्या वंशवृक्षाला जोडलेले चित्र म्हणून. पूर्वग्रहाचे सामर्थ्य ते हेच. विरुद्ध पुरावा समोर असला तरी तो त्यालाच आपल्या बाजूचा साक्षीदार करून घेतो, आणि जबलपूरच्या कचेरीतही दुसरे काय घडत होते?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या साऱ्या सामग्रीची फेरतपासणी झाली. स्ट्यूअर्ट गॉर्डन यांनी १९६९ मध्ये ठगांचा संबंध माळव्यातील राज्यनिर्मितीच्या धामधुमीशी जोडून दाखविला. राधिका सिंघा यांनी १९९३ मध्ये या मोहिमेने कायद्याला दिलेले वळण तपासले. किम वॅग्नर यांनी २००७ मध्ये मूळ कागदपत्रांच्या आधारे, लुटारू खरे पण पंथ काल्पनिक, अशा मध्यममार्गी निष्कर्षाची बाजू मांडली. इतिहासाची चूक अशी हळूहळू दुरुस्त होत असली, तरी कादंबरीने मनात उमटविलेले चित्र त्या वेगाने पुसले जात नाही.

कायद्याने तर पुढचे पाऊल केव्हाच टाकले होते. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. विणकराचा मुलगा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर, अशा धर्तीचा युक्तिवाद त्याच्या समर्थनार्थ करण्यात आला होता. हिंदी समाजातील जातिव्यवस्थेचाच आधार घेऊन हिंदी माणसाला जन्मतः गुन्हेगार ठरविण्याची ही युक्ती होती, आणि आपल्या समाजातील वरच्या थरांना ती फारशी खटकली नाही, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू असलेला हा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करता येईल असा करण्यात आला आणि १९२४ मध्ये तो एकत्रित स्वरूपात आला. नोंदणी, हजेरी, परवान्यावाचून गाव सोडण्यास बंदी, आणि तारेच्या कुंपणातील वसाहत ही त्याची अंगे होती. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून उद्योगशाळेत ठेवण्याचा अधिकारही सरकारने घेतला होता. जबलपूरची शाळा आता देशव्यापी झाली होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. परंतु सराईत गुन्हेगारांविषयीचे निरनिराळ्या राज्यांचे कायदे त्याच्या जागी आले आणि ठप्पा पूर्णपणे पुसला गेला नाही.

सोलापूरला गिरण्या होत्या आणि गिरण्यांना मजूर हवे होते. तेथील वसाहत ही मुंबई इलाख्यातील अशा वसाहतींत प्रमुख. मालतीबाई बेडेकर यांनी त्या वसाहतीत काम केले होते. विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) लिहून ज्यांनी मराठी वाचकवर्गात खळबळ उडवून दिली, त्या याच. त्यांची 'बळी' ही कादंबरी १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. कायदा अद्याप रद्द व्हावयाचा होता, तेव्हा मराठीत कुंपणाच्या आतील जीवनावर कादंबरी लिहिली गेली, ही आपल्या वाङ्मयाला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. मराठी कादंबरीचा आरंभच मुळी विधवांच्या दुःखावरील बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'ने (१८५७) झालेला. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्याच वाटेवरची. परंतु या परंपरेतील दुःख बहुधा लेखकाच्या स्वतःच्या घरातील, निदान स्वतःच्या आळीतील होते. 'बळी'ने आळी ओलांडली. सुधारणेच्या नावाखाली चालणारे नियंत्रण, त्या नियंत्रणाने माणसांच्या आपसांतील नात्यांवर होणारा परिणाम, आणि दयाळू अधिकाऱ्यालाही कुंपण काढता येत नाही ही असहायता, यांचे तिने निर्विकार म्हणावे अशा संयमाने चित्रण केले. तरीही ती नजर कुंपणात कामाला येऊन संध्याकाळी बाहेर जाऊ शकणाऱ्या व्यक्तीची आहे. लेखिकेने ते लपविलेले नाही, हा तिचा प्रामाणिकपणा. परंतु मर्यादा ती मर्यादाच.

नऊ वर्षांनी, १९५९ मध्ये, अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' आली. दीड दिवस शाळेत गेलेल्या या लेखकाने वारणाकाठच्या मांग समाजातील एका बंडखोराची कथा सांगितली. गावाला जोगणी मिळवून देताना बाप राणोजी प्राणाला मुकतो; पुढे दुष्काळात उपाशी माणसांसाठी मुलगा फकिरा धान्य आणि खजिना लुटतो. सरकारच्या दप्तरी हा दरोडा; गावाच्या मनात मात्र ते पुण्यकर्म. चावडीवरची हजेरी येथेही आहे, पण ती बाहेरून पाहिलेली नाही. ज्याचे नाव पुकारले जाते, त्याच्या कानांनी ती ऐकलेली आहे. १९६१ मध्ये या कादंबरीला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. तिच्यावर एक आक्षेप घेतला जातो, की फकिरा अतिशय उदात्त आहे; माणसापेक्षा पोवाड्यातील वीर अधिक आहे. आक्षेप खोटा नाही. परंतु ज्या समाजाची वंशावळ पोलिसांच्या दप्तरातच काय ती लिहिली गेली, त्या समाजाने आपली पहिली वंशावळ पोवाड्याच्या सुरात लिहावी, यात नवल ते काय?

पुढे मुखवटाही गळून पडला. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही दोन आत्मकथने आली. साहित्य अकादेमीने अनुक्रमे १९८१ आणि १९८८ मध्ये त्यांना पुरस्कार दिले. ज्या जमातीला उचल्या हेच नाव दिले गेले होते, तिच्यातील माणसाने तो ठप्पा स्वतःच्या हाताने ग्रंथाच्या मुखपृष्ठावर लावला. येथे कबुली आणि आत्मकथन यांतील भेद स्पष्ट होतो. अमीर अलीही प्रथमपुरुषी बोलतो, 'उचल्या'चा निवेदकही प्रथमपुरुषी बोलतो. पण पहिल्याच्या समोर साहेब बसलेला आहे आणि त्याच्या तोंडची भाषा टेलरची आहे. दुसऱ्याच्या समोर आपण आहोत, आणि भाषा त्याची स्वतःची आहे. साहेबाला कबुली द्यावयाची असते. आपल्याला मात्र उत्तर द्यावे लागते.

आता पुन्हा शाळेकडे येऊ. पूर्वग्रहावरील कादंबरी निवडताना शिक्षक बहुधा विषय पाहतो: अन्याय झालेला आहे ना, शेवटी वाचकाच्या डोळ्यांत पाणी येते ना, झाले तर मग. १९४९ मध्ये जेम्स बाल्डविन यांनी 'अंकल टॉम्स केबिन' (१८५२) वर जी कठोर टीका केली, तिचा रोख या पाण्यावरच होता. करुणेने वाचकाला स्वतःच्या चांगुलपणाचा प्रत्यय येतो, आणि ज्याच्यासाठी अश्रू ढाळले तो माणूस मात्र पुन्हा एक नमुनाच होऊन राहतो. 'मॉकिंगबर्ड'विषयीही असे म्हणता येईल, की खोटा आळ आलेल्या टॉम रॉबिन्सनपेक्षा त्याचा वकील आणि वकिलाची मुलगी यांचीच ओळख आपल्याला अधिक होते. म्हणून विषयाबरोबरच दुसरीही एक कसोटी लावली पाहिजे: ज्याच्याविषयी ग्रह आहे, त्याला या ग्रंथात बोलण्याची मुभा किती, आणि तो कोणासमोर बोलत आहे?

या कसोटीने पाहता, जबलपूरच्या विद्यार्थ्याला एकच आदर्श कादंबरी देण्यापेक्षा दोन विरोधी ग्रंथ शेजारी ठेवून देणे अधिक हितकर होईल, असे मला वाटते. टेलरची कादंबरी त्याने वाचावी. ती पूर्वग्रहावर आहे म्हणून नव्हे, तर ती स्वतःच पूर्वग्रहाचे साधन झाली म्हणून. अमीर अलीचे जन्मरहस्य आणि वाचकांनी काढलेला निष्कर्ष यांतील विसंगती त्याने स्वतः शोधून काढावी. तिच्या शेजारी 'उचल्या'चा 'द ब्रँडेड' हा इंग्रजी अनुवाद ठेवावा. तो साहित्य अकादेमीनेच प्रसिद्ध केलेला असल्याने इंग्रजीच्या वर्गात मराठी ग्रंथ कसा, या अडचणीचे निवारण होते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाने 'बळी' किंवा 'फकिरा' यांतील एक पान स्वतः इंग्रजीत उतरवावे. हजेरी या साध्या शब्दासाठी इंग्रजी शब्द शोधताना त्याची जी दमछाक होईल, तिच्यात निबंधाचे अर्धे उत्तर सापडेल. कारण त्याच्या स्वतःच्या वर्गातही रोज हजेरी घेतली जाते. तोच शब्द, तेच नाव पुकारणे, तेच 'हजर' म्हणून उत्तर. एकाला त्यामुळे शाळेत जागा मिळते, दुसऱ्याला गाव सोडण्याची बंदी होते.

यावर असा आक्षेप येईल, की कोवळ्या वयाच्या मुलांच्या हाती टेलरसारखा दूषित ग्रंथ का द्यावा? निर्दोष ग्रंथ असताना सदोष ग्रंथ निवडण्यात धोका आहे, हे मान्य. शिक्षक सावध नसेल, तर मुले गळफासाच्या वर्णनातच रंगून जातील. परंतु निर्दोष ग्रंथातही एक धोका आहे आणि तो अधिक सूक्ष्म आहे. तो वाचून विद्यार्थ्याला वाटते, की पूर्वग्रह ही दुसऱ्या देशातील, दुसऱ्या काळातील, दुष्ट माणसांची गोष्ट आहे. स्लीमन दुष्ट नव्हता. तो कष्टाळू होता, लोकांची भाषा त्याने शिकून घेतली होती, वाटसरूंचे प्राण वाचावेत ही त्याची तळमळ खरी होती. जबलपूर आणि कटनी यांच्या दरम्यान स्लीमनाबाद हे गाव आजही त्याच्या नावाने उभे आहे. ज्या हातांनी वाटा निर्भय केल्या, त्याच हातांनी वंशवृक्ष काढले. सद्हेतू आणि पूर्वग्रह एकाच माणसात, एकाच कागदावर नांदू शकतात, हा धडा देणारा इतिहास जबलपूरच्या मुलाला त्याच्या गावातच उपलब्ध आहे. तो त्याला इंग्रजीच्या तासाला मिळाला काय किंवा मराठीच्या तासाला मिळाला काय, त्यात भेद मानण्याचे कारण नाही; मिळाला पाहिजे, एवढे मात्र खरे.